बेट बुडालं म्हणून देशाची हद्द गेली का? घरबसल्या तपासायचं कसं

दर पावसाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांचा एक फॉरवर्ड ठरलेला असतो, अमुक बेट बुडालं, भारताची समुद्रातली हद्द गेली, जागे व्हा वगैरे. २०१७ साली लक्षद्वीपमधलं पराली-१ नावाचं छोटंसं निर्मनुष्य बेट पाण्याखाली गेल्याची बातमी आली होती, तेव्हापासून हे चालू आहे. आधी मी नुसता अंगठा दाखवून मोकळा व्हायचो, मग एकदा सुट्टीत बसून हे प्रकरण नीट समजून घेतलं आणि आता असं काही आलं की अर्ध्या तासात कळतं की यात दम आहे की नाही. तीच पद्धत लिहितोय. वकिली शिकलेलो नाहीये, त्यामुळे भाषा साधीच राहील.

लागणारं सामान: लॅपटॉपवर गुगल अर्थ प्रो (फुकट आहे, रूलरमध्ये वर्तुळ काढता येतं आणि नॉटिकल मैलात मोजता येतं), मरीन रीजन्स नावाची साइट जिच्यावर सगळ्या देशांचे सागरी पट्टे नकाशावर दिसतात, आणि एक वही. मरीन रीजन्सचा नकाशा सरकारी नाही हे लक्षात ठेवा, अंदाज घ्यायला मस्त आहे पण त्यावरून कुणाशी भांडू नका.

सुरुवात इथून करायची की बातमी "हद्द" म्हणतेय ती नक्की कुठली. किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैल म्हणजे देशाचा प्रादेशिक समुद्र, तिथे आपलं राज्य. २४ पर्यंत कस्टम्स, स्मगलिंग वगैरे बाबतीत पकडापकडीचे अधिकार. आणि २०० पर्यंत तो एक्स्क्लुझिव्ह इकॉनॉमिक झोन, ईईझेड, तिथली मासळी आपली, तळाखालचं तेल-वायू आपलं, पण परदेशी जहाज तिथून बिनधास्त जाऊ शकतं, त्याला कुणी अडवत नाही. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, म्हणजे २०० मैल झाले ३७० किमी. हे सगळं १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात आहे, तो १९९४ पासून लागू झाला आणि भारताने १९९५ मध्ये मान्य केला, पण आपला स्वतःचा कायदा त्याच्याही आधीचा, १९७६ चा आहे. निम्मे फॉरवर्ड इथेच गळतात कारण त्यात १२ आणि २०० ची खिचडी केलेली असते.

आता हे मैल मोजायचे कुठून? बेसलाइनपासून. आणि साधी बेसलाइन म्हणजे ओहोटीची रेषा, भरतीची नाही. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको, सुकतीला कालवं काढायला ज्या खडकांपर्यंत चालत जाता येतं ना, साधारण तिथपर्यंत जमीन धरायची. पण करारात एक छोटा शब्दप्रयोग आहे आणि सगळी गंमत त्यात आहे, ओहोटीची रेषा म्हणजे "त्या देशाने मान्य केलेल्या मोठ्या प्रमाणाच्या चार्टवर दाखवलेली" रेषा (चार्ट म्हणजे समुद्राचा नकाशा). म्हणजे प्रत्यक्ष वाळूवर आज पाणी कुठे आहे ते नव्हे, कागदावर काय छापलंय ते. आपल्याकडे हे चार्ट डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. त्यामुळे सॅटेलाइट फोटो बघून "बघा किती आत आलं पाणी" म्हणणाऱ्यांना आधी विचारा की फोटो काढला तेव्हा भरती होती का ओहोटी, मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, फोटोत काहीही दिसू शकतं.

बरं, पाणी वाढलं तर ही रेषा मागे किती सरकेल? इथे वही काढा. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, हिशेबाने १९०१ ते २०१८ मध्ये जगातला समुद्र सरासरी २० सेंमी वर आलाय आणि २००६ नंतरचा वेग वर्षाला ३.७ मिमीच्या आसपास आहे. समजा ३० सेंमी धरू. रत्नागिरीसारखा उभा कडा असेल तर रेषा फूटभरसुद्धा मागे येणार नाही. पण किनारा सपाट असेल, हजार मीटर चाललं की एक मीटर चढ एवढाच उतार, तर तेच ३० सेंमी म्हणजे ३०० मीटर आत. खंबातचं आखात, सुंदरबन, असले चिखलाचे किनारे असे असतात. (प्रत्यक्षात गाळ येतो, जमीन खचते, लाटा खरवडतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळच.) आता ते ३०० मीटर ३७० किमीच्या पुढे ठेवून बघा, हजारातला एक भागही नाही. म्हणजे लांबलचक अखंड किनारा असलेल्या देशाचं, आपल्यासारख्या, नुसत्या रेषा सरकण्याने फार काही बिघडत नाही. किनाऱ्यावरच्या गावांचं बिघडतं, घरं जातात, ते वेगळं आणि त्याहून मोठं दुखणं आहे, पण हद्दीचा प्रश्न तिथे नसतो.

प्रश्न असतो टोकाच्या ठिपक्यांचा. गुगल अर्थवर एक प्रयोग करा म्हणजे पटेल. किनाऱ्यावरच्या पाच-सहा जागा घ्या आणि प्रत्येक जागेभोवती २०० मैलांचं वर्तुळ काढा. तुम्हाला दिसेल की बाहेरची कड फक्त दोन-तीन सगळ्यात पुढे आलेल्या ठिकाणांनी ठरते, आतल्या बाकीच्या वर्तुळांचा तिला स्पर्शही होत नाही. म्हणजे बुडालेलं ठिकाण त्या दोन-तीनांपैकी आहे का, एवढंच बघायचं. परालीचं बघा, ते बंगारमच्या प्रवाळ कंकणातलं बेट, बाजूलाच बंगारम आणि थिन्नकारा उभी आहेत, त्यांची वर्तुळं परालीचं वर्तुळ जवळजवळ पूर्ण गिळतात. शिवाय प्रवाळ बेटांना करारात वेगळी सोय आहे, तिथे बेसलाइन बेटाच्या वाळूपासून नाही तर बाहेरच्या प्रवाळाच्या ओहोटी रेषेपासून धरायची. सुंदर बेट गेलं, पक्ष्यांची जागा गेली, वाईट वाटलं, पण हद्दीच्या हिशेबात फरक जवळजवळ शून्य. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले "मग बातमी का दिली?"

सगळ्यात जास्त वेळ पुढच्या भागावर द्या, कारण खरे झोल इथे होतात. समुद्रातून वर आलेली गोष्ट चार प्रकारची असू शकते. भरतीलाही पाण्यावर राहणारं, माणूस राहू शकेल किंवा ज्याचं स्वतःचं काही अर्थकारण असू शकेल असं नैसर्गिक बेट, याला पूर्ण २०० मैल. भरतीला वर राहतो पण त्यावर ना माणूस टिकेल ना धंदा, असा नुसता खडक, याला फक्त १२ मैल. ओहोटीला दिसतं आणि भरतीला बुडतं, त्याला स्वतःचं काहीच नाही, मात्र ते किनाऱ्यापासून १२ मैलांच्या आत असेल तर मोजायला तिथून सुरुवात करता येते. आणि कायम बुडालेलं, त्याला शून्य. आपली अँग्रिया बँक हे चौथ्याचं उदाहरण, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किमी आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं, प्रवाळांनी भरलेलं केवढं मोठं पठार, पण ते सगळं पाण्याखाली, त्यामुळे ते आपलं आहे ते किनाऱ्यापासूनच्या २०० मैलांत येतं म्हणून, स्वतःच्या जोरावर नाही.

पाणी वाढलं की काय होतं, तर पहिल्या प्रकारातलं दुसऱ्यात घसरू शकतं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. आणि ही घसरण किती महाग पडते ते बघा. एकट्या बेटाभोवती २०० मैलांचं वर्तुळ म्हणजे जवळपास ४ लाख ३१ हजार चौरस किमी, अख्ख्या महाराष्ट्राच्या ३ लाख ८ हजाराहून कितीतरी जास्त. तेच खडक ठरलं तर १२ मैलांचं वर्तुळ, साधारण १,५५० चौरस किमी. एवढा समुद्र एका व्याख्येवर टांगलेला. म्हणूनच जपान ओकिनोतोरिशिमा नावाच्या दोन टीचभर खडकांभोवती १९८० च्या दशकापासून काँक्रीट आणि पोलादाच्या भिंती बांधून बसलाय, भरतीला वर उरतो तो भाग पलंगाएवढा, आणि जपान म्हणतो हे बेट आहे, चीन म्हणतो खडक आहे. (तोच चीन दुसरीकडे, दक्षिण चीन समुद्रात, ओहोटीला दिसणाऱ्या प्रवाळांवर भराव घालून धावपट्ट्या करतो. २०१६ च्या लवादाने स्पष्ट सांगितलं की भराव घालून जात बदलत नाही, मूळ नैसर्गिक रूप काय होतं तेच बघायचं.) म्हणजे भिंत बांधून असलेलं टिकवता येतं का यावर वाद घालता येईल, पण भर घालून नवीन मिळत नाही एवढं नक्की.

इतकं झालं की विचारा, शेजारच्या देशाशी करार किंवा कोर्टाचा निकाल झालाय का? दोन किनाऱ्यांत ४०० मैलांपेक्षा कमी अंतर असेल तर २००-२०० चे पट्टे एकमेकांवर चढतात, मग मध्ये रेषा आखावी लागते. आपल्या श्रीलंकेशी १९७४ आणि १९७६ च्या रेषा आहेत, मालदीवशी १९७६ ची, इंडोनेशिया, थायलंड, म्यानमारशीही झाल्यात. आणि एकदा सही झाली की पाणी वाढो नाहीतर जमीन खचो, ती रेषा तिथेच. करारांच्या कायद्याबद्दलचा जो व्हिएन्ना करार आहे १९६९ चा, त्यात "परिस्थिती मुळातून बदलली म्हणून करार मोडतो" असं म्हणायची एक वाट ठेवलीय, पण सीमा ठरवणाऱ्या करारांना ती वाट बंद आहे.

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर इंदिरा पॉइंट आठवा. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, भारताचंही शेवटचं टोक. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात तिथली जमीन एका झटक्यात सव्वाचार मीटरच्या आसपास खाली गेली, दीपगृहाचा पाया आजही पाण्यात आहे. समुद्राची पातळी वाढून जे व्हायला कित्येक शतकं लागतील ते तिथे काही मिनिटांत झालं. आणि समोर सुमात्रा, इंडोनेशियाशी १९७४ मध्ये ठरलेली रेषा. ती हलली का? नाही. रेषा अक्षांश-रेखांशांनी लिहिलेली आहे, दीपगृहापासून हात लावून मोजलेली नाही.

बंगालच्या उपसागरातलं प्रकरण याहून रंगतदार आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर हरियाभंगा नदीच्या तोंडाशी एक वाळूचं बेट वर आलं, आपण त्याला न्यू मूर किंवा पूर्वाशा म्हणायचो, बांगलादेश दक्षिण तळपट्टी. त्यावरून दोन्ही देश तीस वर्षं भांडले, १९८१ मध्ये तर आपण नौदलाचं जहाज पाठवलं होतं. आणि २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की बेट गायब आहे, समुद्राने भांडण मिटवलं! मिटवलं असं पेपरवाल्यांनी लिहिलं, पण ते खरं नव्हतं, कारण बेट हे निमित्त होतं, मागे खरा वाद होता तो हजारो चौरस किमी समुद्राचा. तो सुटला हेगच्या लवादात, ७ जुलै २०१४ ला. बांगलादेशचं म्हणणं असं होतं की आमचा किनारा सारखा बदलतोय, हवामान बदलाने अजून बदलेल, तेव्हा आजच्या किनाऱ्यावरचे बिंदू धरून मध्यरेषा काढूच नका, कोनाने दुभागणारी रेषा काढा. लवाद म्हणाला नाही, आम्ही आज जो किनारा दिसतो तो धरणार, आणि पुढे म्हणाला की हवामान बदलाची शक्यता किंवा परिणाम यांनी जगभरात ठरून गेलेल्या सागरी सीमा धोक्यात येऊ शकत नाहीत. तळपट्टीला बिंदू म्हणून धरलंच नाही. निकालात वादातल्या २५,६०२ चौरस किमीपैकी १९,४६७ बांगलादेशला गेले, तळपट्टीची बुडालेली जागा भारताच्या बाजूला आली, आणि दोन्ही सरकारांनी निकाल मुकाट मान्य केला, जे मला तरी आजही कौतुकाचं वाटतं. हा निकाल थोडा तरी चाळा, नकाशेही आहेत, कादंबरीपेक्षा बरा आहे.

अशा त्रिभुज प्रदेशांसाठी करारात एक कलम आधीपासूनच आहे हेही इथे नोंदवून ठेवा. किनारा फार चंचल असेल तर बाहेरच्या टोकांना जोडून सरळ बेसलाइन आखायची आणि नंतर ओहोटीची रेषा मागे गेली तरी देश स्वतः बदलेपर्यंत ती बेसलाइन चालू. म्हणजे पाणी पुढे आलं तरी रेषा गोठवायची कल्पना नवीन नाही, डेल्टापुरती का होईना ती १९८२ पासून कागदावर आहे.

मग ज्या बाजूला शेजारी नाही, समोर उघडा महासागर आहे, त्या बाहेरच्या कडेचं काय? तिथे करारही नाही, निकालही नाही. इथे बघायचं की त्या देशाने आपले कोऑर्डिनेट्स जाहीर करून संयुक्त राष्ट्रांकडे जमा केलेत का. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा विभागाच्या साइटवर देशवार यादी आहे, देशाचं नाव दाबा, कायदे, बिंदूंच्या याद्या, शेजाऱ्यांच्या हरकती सगळं सापडतं. भारताने २००९ मध्ये राजपत्रात आपल्या सरळ बेसलाइनचे बिंदू छापले, त्यावर पाकिस्तान आणि बांगलादेशने हरकतीही घेतल्यात, त्याही तिथेच वाचायला मिळतात.

पूर्वी बऱ्याच वकिलांचं मत असं होतं की किनारा सरकला की बेसलाइन सरकते आणि तिच्याबरोबर बाहेरची कडही, आणि अमेरिकेसारखे देश तसंच वागायचे. यात मरण होतं ते पॅसिफिकमधल्या छोट्या देशांचं. तुवालूची जमीन फक्त २६ चौरस किमी, म्हणजे मुंबईतल्या दोन-तीन वॉर्डांएवढी, आणि समुद्र सात लाख चौरस किमीच्या वर, तिथे ट्यूना पकडायला येणाऱ्या परदेशी बोटींच्या लायसन्स फीवर सरकार चालतं. किरिबाटीचं तर ८११ चौरस किमी जमीन आणि ३५ लाख चौरस किमी समुद्र. यांच्यासाठी टोकाचं एक बेट जाणं म्हणजे बजेटला भगदाड. म्हणून त्यांनी आधी घाईघाईने मोजमापं पूर्ण केली, जीपीएस घेऊन प्रवाळांवर उभे राहून, मार्शल बेटांनी २०१६ मध्ये कायदा करून कोऑर्डिनेट्स पक्के केले, आणि ६ ऑगस्ट २०२१ ला पॅसिफिक आयलंड्स फोरमने मिळून जाहीर केलं की एकदा जमा केलेल्या आमच्या हद्दी समुद्र वाढला म्हणून कमी होणार नाहीत. पुढच्याच वर्षी अमेरिकेनेही सांगून टाकलं की समुद्र वाढला तरी न बदललेल्या असल्या बेसलाइनना आम्ही आव्हान देणार नाही. आणि २३ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलावरच्या आपल्या सल्ला-मतात म्हटलं की नीट ठरवून जाहीर केलेले चार्ट किंवा याद्या समुद्र वाढला म्हणून बदलायची देशांवर सक्ती नाही. सल्ला-मत आहे, आदेश नाही, पण वजन मोठं आहे. त्याच मतात हेही आहे की देशाचा एखादा घटक, म्हणजे जमीन वगैरे, नाहीसा झाला म्हणून देशपण आपोआप संपतंच असं नाही.

इथे एक चूक मी स्वतः केली होती म्हणून सांगतो. मला वाटलं चार्ट गोठवायचा म्हणजे जुनाच नकाशा वापरायचा, मग जहाजं आपटणार नाहीत का? तर तसं नाही. जहाजांसाठीचे खोलीचे चार्ट नवीन सर्व्हे होईल तसे बदलत राहतात आणि बदललेच पाहिजेत, हद्दीचे कोऑर्डिनेट्स वेगळ्या यादीत असतात, ते तसेच ठेवायचे. त्यामुळे "नवीन चार्टवर बेट नाहीये" यावरून हद्द गेली असा निष्कर्ष काढू नका.

म्हणजे फॉरवर्ड हातात आला की क्रम असा, कुठली हद्द, बुडालेला ठिपका बाहेरच्या कडेला धरून आहे का, तो बेट-खडक यातला कोण, शेजाऱ्याशी लिहून झालंय का, आणि नसेल तर देशाने बिंदू जमा केलेत का. शेवटच्या दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर "हो" असेल तर निवांत चहा घ्या.

दोन्हीकडे अडलं की मात्र लक्ष द्या, आणि असं ठिकाण आपल्या दाराशीच आहे, सर क्रीक. कच्छ आणि सिंधच्या मधली ९६ किमीच्या आसपासची दलदलीची खाडी. याचं मूळ थेट आपल्या मुंबईत आहे, १९१४ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने कच्छचे राव आणि सिंध यांच्यातल्या भांडणावर एक ठराव केला, नकाशावर हिरवी रेषा खाडीच्या पूर्व काठावर. पाकिस्तान ती धरतो, आपण म्हणतो खाडीतून बोटी जातात तेव्हा सीमा मधल्या प्रवाहाने. २००७ मध्ये दोघांनी मिळून सर्व्हे केला पण सही काही झाली नाही. आता खाडीचं तोंडच जिथे ठरलेलं नाही तिथे समुद्रातली रेषा सुरू कुठून करणार? आणि तो किनारा एकदम सपाट, चिखलाचा, वर हिशेब केला ना ३० सेंमीला ३०० मीटर, तसला. खाडी सरकते, तोंड रुंदावतं, आणि तोंडाशी आरंभबिंदू थोडा इकडचा तिकडे झाला की समुद्रात आत जाईपर्यंत त्याचा मोठा पट्टा होतो. बंगालच्या निकालासारखं झालं तर ज्या दिवशी ठरवायला बसतील त्या दिवशीचा किनारा धरला जाईल, म्हणजे इथे उशीर झाला की खरंच रेषा बदलू शकते. पालघर-डहाणूकडची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, त्यातली काही याच भागात पाकिस्तानने पकडून वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात ठेवली. मागच्या आठवड्यात मामांनी सर क्रीकचा फॉरवर्ड पाठवला तेव्हा पहिल्यांदाच मी लिहिलं, मामा, हा मात्र खरा आहे, हा पुढे पाठवा.